वेल्ट शिलाईच्या बुटांना साच्यातला रबरी सोल: शिवायचा की नुसता चिकटवायचा?

घाटवाट

गुडइयर वेल्ट शिलाईचे, म्हणजे वरच्या भागाच्या (अप्परच्या) कडेने शिवलेल्या कातडी पट्टीला (वेल्टला) सोल शिवलेले, घोट्यापर्यंतचे बूट आहेत, ८ नंबर. अप्पर आणि वेल्ट ठणठणीत, पण मूळचा ५ मिमीचा कातडी सोल चवड्याखाली झिजून पातळ झालाय. त्यामागे थरांची कातडी टाच, २५ मिमी. आता खाली साच्यातून निघालेला खोल दातांचा सोल हवाय. आणलेला सोल टाचेसकट एकसंध आहे: चवड्याला दात धरून ९ मिमी (त्यातले दात ५), टाचेला ३२ मिमी. मटेरियल कोणतं ते त्यावर कुठेच छापलेलं नाही.

हाच सोल आधी नेहमीच्या पिवळ्या सोल्युशनने थेट जुन्या कातडी सोलवर चिकटवून झाला आहे. पाऊस लागताच तो पुढच्या टोकापासून उघडला. सोल्युशनचा अख्खा थर कातड्यावर राहिला आणि रबराची बाजू कोरी चकचकीत निघाली.

प्रश्न असे: चिकटवण्यात काय चुकलं? हा सोल शिवता येतो का, की चिकटवणंच बरोबर? आणि टाच मूळच्यापेक्षा उंच होतेय, त्याने काही बिघडेल का? वापर सह्याद्रीतल्या वाटांवर, पावसाळ्यातसुद्धा.

आरी-रापी

सुटलेला सांधा नीट पाहिला की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. थर कातड्यावर राहिला आणि सोल कोरा निघाला, म्हणजे सोलच्या बाजूची तयारी झालेलीच नव्हती. उलट झालं असतं, म्हणजे थर सोलवर आणि त्याला कातड्याचे तंतू चिकटलेले, तर कातड्याचा वरचा गुळगुळीत पापुद्रा न घासता काम केलं असं समजायचं. थर मधोमध फाटून दोन्हीकडे अर्धा अर्धा राहिला, तर सोल्युशन ओलं असताना दाबलं किंवा फार सुकल्यावर दाबलं.

साच्यातून निघालेल्या सोलवर साचा सुटावा म्हणून मारलेल्या सिलिकॉनचा किंवा मेणाचा हात असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचा थेंब टाका. मणी होऊन घरंगळला तर थर आहे असं समजा. कापडाने पुसून तो जात नाही. ४० नंबरच्या पेपरने किंवा तारेच्या चाकाने चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावं लागतं. कडेचे शेवटचे १० मिमी सगळ्यात महत्त्वाचे, आणि घाईत नेमके तेच राहतात, कारण कड गोल होईल या भीतीने हात आखडता घेतला जातो.

पण घासण्याआधी मटेरियल ओळखा. सुई लाल होईपर्यंत तापवून टाचेच्या आतल्या बाजूला टोचा. व्हल्कनाइझ (गंधकासोबत तापवून पक्कं) केलेलं रबर वितळत नाही, नुसतं करपतं आणि जळक्या टायरचा वास येतो. टीपीआर, पीव्हीसी आणि टीपीयू या उष्णतेने वितळणाऱ्या प्लास्टिकांमध्ये सुई लोण्यासारखी शिरते. पीव्हीसी वेगळं काढायला तांब्याची तार तापवून सोलला लावा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की पीव्हीसी. हे उघड्यावर करा, तो धूर आम्लाचा असतो. पीयू (पॉलियुरेथेन) आणि ईव्हीए हे फेसासारख्या प्लास्टिकचे सोल हलके, पाण्यावर तरंगतात. भरीव रबर बुडतं. टीपीआर मात्र काठावर असतं, त्याच्या बाबतीत पाण्यावर विसंबू नका.

काय निघतंय ते कळवा, मग गोंदाचं बोलू.

फर्मा ४२

गोंदाआधी रचना. झिजलेल्या कातडी सोलवर नवा जाड सोल चढवणं हीच पहिली गफलत आहे. चवड्याखाली पातळ झालेलं कातडं पाणी पितं, फुगतं, आणि प्रत्येक पावलाला वाकताना वरचा थर खालच्यावर घसरतो. कितीही चांगलं सोल्युशन घ्या, ते कमकुवत पायावरच बसणार.

खोल दातांच्या सोलसाठी जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे मधला सोल. ३ ते ३.५ मिमीचं टणक कातडं वेल्टला शिवायचं आणि त्याच्या तळाला साच्यातला सोल चिकटवायचा. शिवण मधल्या सोलमध्ये राहते, जमिनीला लागत नाही. रबर झिजलं की तेवढंच खरवडून नवं लावता येतं, वेल्टला हात लावावा लागत नाही. कामगारांचे आणि डोंगरी बूट बहुतेक असेच बनतात.

जुना सोल उतरवताना रापी (कातडं कापायचं पातं) वेल्ट आणि सोलच्या फटीत आडवी घालून फक्त दोरा कापा. पात्याची धार नेहमी सोलकडे झुकलेली ठेवा. वेल्टला एक काप गेला तर काम दुप्पट. टाचेचे खिळे पक्कडीने एकेक ओढा. टाच उचकटली तर आतला इन्सोल (पायाखालचा थर) फाटतो. मग जुन्या दोऱ्याचे तुकडे वेल्टच्या वरच्या बाजूने चिमट्याने काढा.

आता आतलं तपासा. कॉर्कचा भराव चुरा झाला असेल तर पूर्ण काढा. मधली पोलादी पट्टी हलते का, गंजली आहे का ते पाहा. आणि इन्सोलला चिकटवलेली कापडी कड, जिच्यात वेल्ट शिवलेली असते, ती कुठे सुटलीय का ते बोटाने दाबून बघा. यंत्रावर बनलेल्या बुटांत हीच जागा सगळ्यात कच्ची असते आणि वरून काही कळत नाही. ती सुटली असेल तर आधी ती चिकटवा, नाहीतर खालचं सगळं काम वाया.

बूट फर्म्यावर (पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर) चढवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच नंबरचा आणि जवळपास त्याच टोकाचा फर्मा हवा. रिकाम्या बुटाला सोल लावला की वेल्ट पिळवटते आणि चवडा जमिनीवर सपाट बसत नाही. कॉर्कचा चुरा सोल्युशनमध्ये कालवून भरा आणि सुकल्यावर वेल्टच्या बरोबरीने घासा. भराव वर आला तर तळाला पोट येतं, खाली गेला तर चवड्याखाली पोकळी राहते आणि चालताना कुरकुरते.

दुहेरी टाका

मधल्या सोलचं मान्य. पण नुसत्या गोंदावर सोडणं मला पटत नाही. गोंदाचा सांधा सरळ ओढायला भक्कम असतो, कडेपासून सालीसारखा सोलून काढायला नाही. टोक दगडाला अडकून एकदा उचललं गेलं की पुढचं काम पाऊल करतं. शिवण असेल तर सांधा सुटला तरी सोल लोंबत नाही. साइड शिलाईची खाच असलेला सोल घ्या आणि सरळ शिवून टाका.

फर्मा ४२

साइड शिलाई होते ती वाटीसारख्या कडेच्या सोलला. त्या कडेत खाच असते, सुई कड, अप्पर आणि इन्सोल अशी आरपार जाते. ती वाटी ज्या फर्म्यासाठी ओतली त्याच फर्म्यावर बसते. वेल्टवाल्या बुटाला ती येणारच नाही, मध्ये वेल्ट आहे. वेल्टवरून खाली शिवायचं तर सोलच्या तळाला दातांच्या आत किमान ३ मिमी खोल खाच हवी. घाटवाट यांच्या सोलचा दातांखालचा पाया ४ मिमी. त्यात ३ मिमीची खाच पाडली तर उरतं १ मिमी. दोरा तेवढं कापून बाहेर येईल.

आणखी एक. रबर शिवताना टाका ४ ते ५ मिमीपेक्षा बारीक नको. बारीक टाक्यांची भोकं जवळजवळ येतात आणि सोल त्याच रेषेत फाटतो. टोक उचलू नये ही काळजी रास्त आहे, पण त्याला सोपा उपाय आहे: टोकाला दातांच्या मधल्या सपाट जागेत ९ मिमीच्या पितळी चुका (बारीक खिळे), तीनच. पाया ४, मधला सोल ३, वेल्ट ३ असे १० मिमी होतात, म्हणून ९ ची चूक आतच राहते. १२ ची मारलीत तर अप्परला भोक.

दुहेरी टाका

४ मिमी पाया असेल तर शिवण नाही, बरोबर. माझ्या डोक्यात ७-८ मिमी पायाचे सोल होते.

घाटवाट

तपासलं. सुई शिरली नाही, करपली, टायरचा वास. पाण्यात बुडतो. म्हणजे रबर. आता दोरा किती, टाका केवढा आणि गोंद कोणता? आणि टाचेचं राहिलं.

आरी-रापी

रबर निघालं हे उत्तम, याला गोंद सगळ्यात सहज धरतो. पीव्हीसी निघालं असतं तर पिवळं सोल्युशन बादच होतं: पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेलं तेल हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद चिकट लापशी होऊन सरकायला लागतो. पहिले काही आठवडे छान वाटतं, मग सुटतो. तिथे पीयू गोंदच लागतो. टीपीयूलाही तेच, फक्त आधी एमईके या द्रावकाने पुसून. टीपीआरला प्राइमर (गोंदाआधी द्यायचा हात) हवाच.

आता शिवण. वेल्टची जुनी भोकं वापरा. दोन भोकांमध्ये नवं भोक पाडू नका. वेल्टची कड तिकिटांच्या पानासारखी फाटते. मधला सोल आधी दोन्ही बाजूंनी घासून, सोल्युशनचे दोन हात देऊन वेल्टला चिकटवा, मग आरी (भोक पाडायचा टोचा) वरून जुन्या भोकात घालून सरळ खाली काढा. आरी तिरपी गेली तर खालची रेघ वाकडी. सगळी भोकं आधी पाडून घ्या आणि मगच खाली, ती जिथून निघाली त्या रेघेवर १ मिमी खोल खाच मारा. खाच आधी मारली तर भोकं तिच्यावर येतीलच असं नाही.

दोरा १ मिमीचा मेण लावलेला पॉलिएस्टर. सुती दोरा ओलाव्यात कुजतो. आरी दोऱ्याच्या मानाने बारीक ठेवा, भोक दोऱ्याने गच्च भरलं पाहिजे. दोन सुयांची शिवण, टाका साधारण ४ मिमी. हिशोब असा: वेल्ट आणि मधल्या सोलची जाडी ३ आणि ३ मिळून ६, टाका ४, म्हणजे एका टाक्याला प्रत्येक सुईचा १० मिमी दोरा जातो, दोन्हींचा २०. शिवणीच्या पाचपट झाला. टोकांना धरायला ठेवून सहापट घ्या. ८ नंबरच्या बुटाला टाचेच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत शिवण ५०-५२ सेमी भरते, तर एका पायाला सव्वातीन मीटर पुरतो. प्रत्येक टाका दोन्ही हातांनी सारखा ओढा. शेवटी खालची शिवण हातोडीने ठोकून खाचेत बसवा. दोरा वर राहिला तर रबर तिथे टेकत नाही आणि नेमक्या कडेलाच फट राहते.

पॉलिमरकट्टा

गोंदाचं मी सांगतो. पिवळं सोल्युशन म्हणजे निओप्रीन. रबर आणि कातडं यांना ते चालतं, तयारी नीट असेल तर. पण पावसाळी वापर आणि खोल दात असतील तर पीयू गोंद अधिक टिकाऊ. मात्र पीयू गोंद रबरावर थेट बसत नाही, त्याला आधी क्लोरीनचा प्राइमर लागतो. तो रबराचा पृष्ठभागच रासायनिकरीत्या बदलतो. तयार बाटली घ्या. जलशुद्धीकरणाची पावडर ॲसिटोनमध्ये ढवळून घरी करायचा विचारही नको, डोळे जाळणारा वायू निघतो.

क्रम: घासणं, ब्रशने धूळ झटकणं (हाताने नको, हाताला तेल असतं), प्राइमरचा पातळ हात, किमान अर्धा ते एक तास थांबणं. रबर मंद पडून किंचित पिवळसर दिसतं. मग त्याच दिवशी गोंद. कातड्याला दोन हात: पहिला पातळ, तो कातडं पितं आणि पूर्ण सुकू द्यायचा; दुसरा जाडसर. रबराला एकच पुरतो. गोंदात आयसोसायनेट हार्डनर (गोंद पक्का करणारं द्रव्य) ३ ते ५ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला ३ ते ५ ग्रॅम, वजनकाट्यावर. अंदाजाने जास्त घातला तर सांधा कडक होतो आणि चवड्याच्या वळणावर तडकतो. कालवलेला गोंद काही तासांत डब्यातच घट्ट होतो, तेव्हा दोन पायांपुरताच करा.

पीयू गोंद सुकला की हाताला चिकटत नाही, म्हणून लोकांना वाटतं वेळ गेली. नाही. तो गरम करून जागा करायचा असतो. हीट गनने दोन्ही बाजू साधारण ६० ते ७० अंशांवर आणा, थर पुन्हा चमकायला लागतो, आणि मिनिटाच्या आत दाबा. कारखान्यात हे काम प्रेस करतं. घरी रबरी हातोडी. टोकापासून सुरुवात, मग मधून कडेकडे, म्हणजे हवा अडकत नाही. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, तेव्हा टोकाची आणि टाचेची खूण आधीच करून ठेवा. निओप्रीन वापरलंत तर १५-२० मिनिटं सुकवून, बोटाच्या पेराला ओढ लागते पण गोंद निघून येत नाही अशा वेळी दाबा.

पावसाळ्यातली खास अडचण: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्या थरावर साचते. नीट पाहिलं तर थर पांढुरका, धुरकट दिसतो. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत हे हमखास. त्यावर दाबलं की आत पाण्याचा पापुद्रा बंद होतो. थर ड्रायरने गरम करून पुन्हा पारदर्शक झाल्याशिवाय दाबू नका, आणि कातडंही आधी दिवसभर पंख्याखाली कोरडं झालेलं असू द्या. उन्हात नको, वेल्ट आखडते.

खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. हार्डनरने दम्यासारखा त्रास जडू शकतो, आणि स्वस्त सोल्युशनमधलं हेक्झेन हातापायांच्या नसांना घातक असतं. बंद खोलीत जमिनीवर वाकून हे काम करू नका, ही वाफ जड असते, खालीच साचते.

शंका असेल तर आधी तुकड्यावर चाचणी करा. त्याच सोलच्या आतल्या भागातून १० मिमी रुंद पट्टी, कातड्याची तेवढीच पट्टी, त्याच पद्धतीने चिकटवा. ४८ तासांनी ताणकाट्याला अडकवून सोलत ओढा. सुरक्षा बुटांच्या मानकात सोल आणि अप्परच्या सांध्याला दर मिमी रुंदीला ४ न्यूटन मागितलेत, म्हणजे तुमच्या पट्टीला साधारण ४ किलो. त्याआधी सुटलं तर तयारीत खोट आहे.

फर्मा ४२

टाचेचा हिशोब. आधी चवड्याखाली ५ मिमी, टाचेखाली ५ आणि २५ मिळून ३०, फरक २५. आता चवड्याखाली ३ आणि ९ म्हणजे १२, टाचेखाली ३ आणि ३२ म्हणजे ३५, फरक २३. बूट सगळाच उंच होतोय, त्याचं काही नाही. बघायचा तो फरक, आणि तो २ मिमीने कमी पडतोय. २ मिमी कातड्याचा तुकडा टाचेखाली, पुढे कमरेकडे (सोलच्या मधल्या अरुंद भागाकडे) शून्यावर उतरवलेला, मधल्या सोलला चिकटवून घ्या. हा फरक मूळच्यापेक्षा ४-५ मिमीने बदलला असता तर टोक उचललं गेलं असतं किंवा पोलादी पट्टीवर नको तो वाक आला असता.

टाचेला नुसता गोंद पुरत नाही, तिथे ५-६ खिळे हवेत, दातांच्या खाचांतून. लांबी मोजून: खिळ्याचं डोकं जिथे बसतं तिथपासून इन्सोलच्या वरच्या पृष्ठापर्यंतची जाडी, वजा २ मिमी.

कड तासणं सगळ्यात शेवटी, ४८ तासांनंतर. रापी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा, रबर कोरड्या पात्याला धरून ठेवतं. मग ६० आणि १२० नंबरचा पेपर.

कोपरा

मध्येच विचारतो. माझे बूट ब्लेक शिलाईचे आहेत, आत इन्सोलवर टाके दिसतात. हीच पद्धत चालेल? आणि कोल्हापुरीला खाली रबर लावायचं असेल तर?

आरी-रापी

ब्लेकमध्ये वेल्ट नसते, टाका इन्सोलमधून थेट सोलमध्ये. पूर्ण सोल बदलायचा तर ब्लेकचंच मशीन हवं, ते बुटाच्या आत हात घालून शिवतं. बाहेरून आरीने होत नाही. सोल अजून जाड असेल तर तो न काढता चवड्याखाली २ मिमीचा पातळ रबरी अर्धा सोल चिकटवा, सुरुवातीची कड तासून शून्यावर आणा. खोल दातांचा जड सोल ब्लेकवर चढवू नका, तो बूट त्या वजनाला आणि वळणाला बनलेला नसतो.

कोल्हापुरीची अडचण वेगळी. वनस्पतीजन्य कमावणीचं कातडं, त्यात भरपूर तेल, आणि खाली वादीची शिवण उघडी. तेलावर गोंद धरत नाही. तळ ४० नंबरने घासा, एमईकेने दोन-तीनदा पुसा, प्रत्येक वेळी नवं फडकं. वादी उंच असेल तिथे ठोकून बसवा, कापू नका. मग ३-४ मिमीची मायक्रो शीट (हलक्या सच्छिद्र रबराची), निओप्रीनने. साच्यातला नक्षीदार सोल तिला देऊ नका, चप्पल वाकायची थांबते आणि अंगठ्याजवळचा पट्टा तुटतो.

घाटवाट

चाचणी पट्टी ४ किलोला टिकली, साडेपाचला कातड्याचेच तंतू सुटले. आता दुसरं: याच मापात पीयूचा हलका सोल मिळतोय, वजन जवळपास निम्मं. तो का नको?

पॉलिमरकट्टा

कातड्याचे तंतू सुटले म्हणजे सांधा कातड्यापेक्षा भक्कम झाला, आता थेट बुटावर करा.

पीयूबद्दल: स्वस्त पीयू सोल बहुधा पॉलिएस्टर जातीचे असतात आणि दमट हवेत ते स्वतःच तुटत जातात. वापरले नाहीत तरी कपाटात बसल्या बसल्या काही वर्षांत भुगा होतात, उलट वापरातले जरा जास्त टिकतात. किनारपट्टीला तर नकोच. पॉलिइथर जातीचे टिकतात, पण विकणाऱ्याला तो फरक सांगता येतोच असं नाही. ओल्या बेसॉल्टवर ६० ते ६५ शोअर ए कडकपणाचं रबर जी पकड देतं ती कडक पीयूला येत नाही. शेवाळलेल्या कातळावर दोन्ही सारखेच घसरतात, तिथे सोल बदलून काही होत नाही. तुमच्या हातात आहे तेच रबर लावा, आणि लावल्यावर पहिले ४८ तास बूट घालू नका.